हवाईचा ‘अवा’ आणि किरकिऱ्या मुलांना दिली जाणारी ‘नेने’ ही त्याची जात

पाऊसवेळ

नमस्कार. आम्ही गेली चार वर्षे हवाईच्या मोठ्या बेटावर, हिलो गावी राहतो. आमची धाकटी मुलगी दोन वर्षांची आहे आणि गेले जवळजवळ तीन महिने ती रात्री सलग दोन तासांहून अधिक झोपलेली नाही. शेजारी राहणाऱ्या वृद्ध बाईंना आम्ही इथल्या रीतीप्रमाणे ‘तूतू’, म्हणजे आजी, म्हणतो. परवा रात्रीचे रडणे ऐकून त्या सकाळी आल्या, मुलीला मांडीवर घेऊन बराच वेळ तिचे पोट आणि पाय चाचपत बसल्या आणि जाताना म्हणाल्या, “माझ्या आजीच्या परसात अशा मुलांसाठी नेने असायचा.”

नेने म्हणजे हवाईचा राज्यपक्षी असलेला हंस, एवढेच मला ठाऊक होते. आपल्याकडच्या आडनावाशी त्याचा अर्थातच काही संबंध नाही. तूतूंनी सांगितलेला नेने मात्र ‘अवा’ या झुडपाची एक जात निघाली. जगभर हे झाड ‘कावा’ या नावाने ओळखले जाते, पण मराठीत त्या शब्दाने गनिमी कावा आठवतो आणि काश्मिरी काहव्याशीही घोटाळा होतो, म्हणून मी इथे हवाईचाच शब्द वापरते.

तेव्हापासून मिळेल ते वाचते आहे. अव्याच्या मुळांचा काढा नव्हे, तर थंड पाण्यात कोळून काढलेला रस पितात. जुन्या हवाईत तो देवांना वाहिला जाई, अलीई म्हणजे सरदारवर्ग तो पीत असे आणि दिवसभर तारोच्या, म्हणजे अळूच्या, वाफ्यांत किंवा समुद्रावर राबलेली साधी माणसेही अंगदुखी उतरावी, शांत झोप यावी म्हणून संध्याकाळी तो घेत. काने आणि कानालोआ हे दोन देव बेटांवर जोडीने हिंडत आणि अवा कालवायला पाणी मिळेना की काठी आपटून जमिनीतून झरा काढत, अशा कथा बेटोबेटी सांगितल्या जातात. इथल्या कितीतरी झऱ्यांची जन्मकथा हीच आहे.

अव्याच्या जाती अनेक होत्या आणि प्रत्येकीचे काम वेगळे होते. काळपट खोडाचा हिवा पूजेसाठी सर्वांत मोलाचा मानला जाई आणि मोइ सरदारांसाठी असे. नेने मुलांसाठी होता. हवाई भाषेत या नावाचे नाते मुलाच्या किरकिरीशी, रडू फुटण्याच्या बेतात असण्याशी आहे. ज्या तक्रारीवर उपाय करायचा, तिचेच नाव झाडाला मिळाले, याने मी फार हलून गेले, कारण याचा अर्थ शेकडो वर्षांपूर्वीही कोणी आई माझ्यासारखीच रात्र रात्र जागत होती आणि तिच्या समाजाने तिच्यासाठी एक अख्खी जात जपून ठेवली होती.

माझा प्रश्न सरळ आहे. या प्रथेकडे आपण कसे पाहावे? आणि आज, माझ्या मुलीच्या बाबतीत, तिचा काही उपयोग आहे का?

पानमळा

ताई, आमचा मिरज तालुक्यात तीन पिढ्यांचा पानमळा आहे, त्यामुळे या झाडाबद्दल थोडे अधिकाराने लिहू शकतो. अवा हा नागवेलीचा सख्खा भाऊबंद आहे. विड्याचे पान, काळी मिरी, पिंपळी आणि अवा ही सगळी ‘पायपर’ या एकाच प्रजातीतली मंडळी. पानाचा हृदयासारखा आकार आणि खोडावरची फुगीर पेरे पाहिली की हे नाते कोणाच्याही लक्षात येईल. फरक एवढाच, की नागवेल शेवरी-शेवग्याच्या आधाराने चढते, तर अवा स्वतःच्या पायावर झुडूप होऊन उभा राहतो आणि त्याचे सगळे बळ पानांत न उतरता मुळांत व बुंध्यात साठते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे अव्याला बी धरत नाही. त्याचा रानटी पूर्वज पॅसिफिकमधल्या मेलानेशिया या बेटसमूहात आढळतो. त्यातून बहुधा वानुआतूच्या बेटांवर माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करत हे झाड घडवले आणि त्या निवडीच्या ओघात ते वांझ झाले. तेव्हापासून ते केवळ खोडाच्या कांड्या लावूनच वाढते, जसे आम्ही पानमळ्यात बेणे लावतो तसे. पॉलिनेशियन दर्यावर्दी हवाईला आले, तेव्हा तारो, केळी, ऊस यांच्याबरोबर अव्याच्या कांड्याही होडीत ओल्या ठेवून हजारो किलोमीटर घेऊन आले. म्हणजे आज हिलोत कोणाच्या परसात खरा नेने उभा असेल, तर तो तूतूंच्या आजीच्या नेनेचा वंशज नव्हे, तेच झाड आहे, एका हातातून दुसऱ्या हातात गेलेले. जात जपणे म्हणजे काय असते हे पानमळेवाल्याला सांगावे लागत नाही. एका वर्षी बेणे हुकले की ती जात गेली.

सातारकर आजी

पाऊसवेळ, मुली, तुझे वाचून जीव कळवळला. माझ्या तिन्ही मुलांना मी बाळगुटी उगाळून दिली आहे. सहाणेवर वेखंडाचा एक वेढा, जायफळाचा अर्धा, हिरड्याचे दोन, मुरडशेंगेचे दोन. वेढे मोजूनच द्यायचे, आणि मूल जसे वाढेल तसे ते वाढवायचे, हे सासूबाईंनी मला हात धरून शिकवले होते. जायफळाचा वेढा जास्त झाला तर मूल गुंगते, हेही त्यांनीच बजावले होते. तुझ्या तूतूच्या आजीलाही असेच कोणीतरी शिकवले असणार. मला वाटते, दोन-चार थेंबांनी काही बिघडत नाही. शेकडो वर्षे माणसे उगाच देत नसतात.

बालरोग_पुणे

मी बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून आधी ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. अवा मुलीला देऊ नका, दोन थेंबही नाही. कारणे सविस्तर सांगतो, म्हणजे हे केवळ डॉक्टरी दटावणे वाटणार नाही.

अव्याचा परिणाम ‘कावालॅक्टोन’ या गटातल्या द्रव्यांमुळे होतो. त्यांपैकी सहा प्रमुख आहेत आणि ‘कावेन’ हे त्यांतले सर्वांत परिचित. मेंदूची उत्तेजना कमी करणाऱ्या ‘गाबा’ या यंत्रणेला ती बळ देतात, म्हणून स्नायू सैल होतात आणि चिंता ओसरते. रस तोंडात घेताच जीभ व ओठ बधिर होतात, तेही याच द्रव्यांमुळे. हा परिणाम खरा आहे. २००३ साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात प्रौढांमधील चिंतेवर अव्याच्या अर्काचा उपयोग औषधरहित गोळीपेक्षा अधिक, पण लहानसाच आढळला. तेव्हा हवाईच्या लोकांचे निरीक्षण चुकीचे नव्हते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

अडचण मात्रेची आहे. ही द्रव्ये पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, नुसती तरंगत राहतात. त्यामुळे एकाच भांड्यातल्या वरच्या आणि तळाच्या वाटीत फरक पडतो. झाडाचे वय, जात आणि माती यांनी तर तो कितीतरी पटींनी बदलतो. प्रौढाच्या शरीरात एवढी तफावत खपून जाते. दहा-बारा किलोच्या मुलीत ती खपेलच असे नाही. शिवाय कावालॅक्टोन यकृतातल्या, औषधे पचवणाऱ्या अनेक विकरांना (एन्झाइम्सना) अडवतात. मुलीला ताप आला आणि त्याच दिवशी तुम्ही पॅरासिटामॉल दिले, तर दोन्हींचा भार एकाच यकृतावर पडेल. दोन वर्षांच्या मुलासाठी अव्याची सुरक्षित मात्रा ठरवून देणारी एकही चाचणी माझ्या शास्त्राकडे नाही, आणि मात्रा ठाऊक नसलेले शामक मी कोणाच्याही मुलाला देत नाही.

आजी, आपण वेखंडाचा उल्लेख केलात म्हणून आदराने सांगतो, की त्यातल्या असारोन या द्रव्यामुळे अमेरिकेत १९६८ पासून वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला बंदी आहे. शेकडो वर्षांच्या वापरातून लगेच दिसणारा अपाय कळतो. हळूहळू साठणारा अपाय कळायला दुसरी साधने लागतात.

आता ताई, आपल्याला काही विचारतो. मुलगी झोपेत पाय झाडते का? घोरते का? कान ओढते का? रात्री गुदद्वाराजवळ खाजवते का? आणि दिवसभरात दूध किती पिते?

सुवाकर

मी नोकरीनिमित्त सहा वर्षे फिजीत सुवा येथे राहिलो आणि तिथे अक्षरशः शेकडो बैठकांमध्ये हा रस प्यायलो आहे. तिथे त्याला ‘यंगोना’ म्हणतात. करारावर नेलेल्या आपल्या गिरमिटिया मजुरांचे वंशज त्याला ‘नगोना’ किंवा ‘ग्रॉग’ म्हणतात आणि तितक्याच आवडीने पितात. तानोआ या लाकडी भांड्याभोवती बसून, टाळी वाजवून, नारळाची करवंटी एका दमात रिकामी करायची. मला कधी अपाय झाला नाही. यकृताचे हे सगळे प्रकरण युरोपातल्या औषधी गोळ्यांचे आहे, पारंपरिक रसाचे नव्हे. जर्मनीने २००२ मध्ये बंदी घातली आणि २०१४ मध्ये तिथल्याच न्यायालयाने ती चुकीची ठरवली. डॉक्टरसाहेबांनी हेही सांगायला हवे होते.

बालरोग_पुणे

सुवाकर, आपला मुद्दा बराचसा रास्त आहे. ज्या रुग्णांच्या यकृताला इजा झाली, त्यांतले बहुतेक अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोनने काढलेल्या अर्काच्या गोळ्या घेत होते, आणि कित्येकजण सोबत दुसरी औषधेही घेत होते. कच्चा माल कुठला, झाडाचा कोणता भाग, कोणती जात, याचा पत्ताच नसे. हवाई विद्यापीठातल्या संशोधकांना अव्याच्या पानांत आणि खोडाच्या सालीत ‘पायपरमेथिस्टिन’ हे पेशींना घातक ठरू शकणारे द्रव्य सापडले. मागणी वाढल्यावर व्यापाऱ्यांनी नेमक्या त्याच साली स्वस्तात उचलल्या होत्या. परंपरेने साल खरवडून केवळ मूळ वापरले, त्याला अर्थ होता.

तरीही २०१४ च्या निकालानंतर जर्मनीतली गोष्ट संपली नाही, २०१९ मध्ये परवाने पुन्हा काढून घेतले गेले. आणि आपण सांगता तो अनुभव प्रौढ पुरुषाचा आहे. फिजीतल्या त्या शेकडो बैठकांत दोन वर्षांच्या किती मुलांना करवंटी दिलेली आपण पाहिलीत?

सुवाकर

एकालाही नाही. उलट तिथे मुलांना दूर बसवत. हे मला आधी सुचायला हवे होते.

जुनी_कागदपत्रे

धाग्याच्या पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे या प्रथेकडे कसे पाहावे याकडे, वळतो. हवाईत मुलांना अवा देणे ही आईने परसातून मूळ उपटून रस पाजण्याइतकी सुटी गोष्ट नव्हती. ‘लाआउ लापाआउ’ या वनौषधीविद्येत वैद्यांचे वर्ग ठरलेले होते. त्यांना कहुना म्हणत, आणि त्यांच्यात मुलांची दुखणी पाहणारे वेगळे असत. मुलांच्या दोन तक्रारींचा उल्लेख वारंवार येतो: ‘एआ’, म्हणजे तोंड येणे व जिभेवर पांढरा थर धरणे, आणि ‘पाआओआओ’, म्हणजे मूल खंगत जाणे, चिडचिडे होणे, अंगी न लागणे. निदान बोटांनी चाचपून केले जाई. त्याला ‘हाहा’ म्हणत आणि शिकाऊ वैद्याला ते शिकवण्यासाठी जमिनीवर खडे मांडून माणसाची आकृती तयार केली जाई. पाऊसवेळ यांच्या तूतूंनी मुलीचे पोट चाचपले, ते त्याच विद्येचे घरगुती रूप असावे.

औषध पाचच्या हिशेबाने, पाच मात्रा किंवा पाच दिवस, दिले जाई. वनस्पती खुडताना प्रार्थना म्हणत. उपचार संपला की ‘पानी’ नावाचा समाप्तीचा घास असे, बहुधा समुद्रातल्या एखाद्या खाद्याचा. आणि मुलांच्या औषधांत अवा हा सर्वांत वरचा नव्हता. तान्ह्या बाळाचे पोट साफ राहावे म्हणून इलिमाच्या फुलांचा रस देत. हे इलिमा आपल्या बलेच्या, म्हणजे चिकण्याच्या, प्रजातीतले. पोपोलो हे तर त्या वैद्यकाचे मुख्य झाड, आणि ते आपल्या कामोणीच्या अगदी जवळचे आहे. तेव्हा नेने एका मोठ्या मांडणीतला एक घटक होता, ठरलेल्या मुलाला, ठरलेल्या माणसाने, मोजून दिलेला.

अतिरेकाचे दुष्परिणामही त्या लोकांना ठाऊक होते. रोज फार अवा पिणाऱ्याची कातडी कोरडी पडून खवल्यांसारखी निघते. १७७९ मध्ये कॅप्टन कुक या इंग्रज दर्यावर्दीच्या जहाजावरच्या अधिकाऱ्यांनी अशी माणसे पाहून टिपणे केली आहेत. हवाईत या अवस्थेला ‘माहुना’ हे स्वतंत्र नाव होते, आणि पिणे थांबवले की त्वचा पूर्ववत होते हेही माहीत होते.

ही सगळी मांडणी पुढे मोडली. १८१९ मध्ये कापू, म्हणजे जुनी निर्बंधव्यवस्था, राजघराण्यानेच उठवली, पुढच्या वर्षी मिशनरी आले, आणि देवांच्या नावाने पिण्याचा रस एकदम पापाच्या यादीत गेला. साथींनी माणसे इतक्या वेगाने मेली की शिकवणारेच उरले नाहीत. १९२२ मध्ये हवाईच्या आरोग्य मंडळाने देशी औषधी वनस्पतींची माहिती छापली, तेव्हा कितीतरी ज्ञान मुळातून तुटलेल्या स्वरूपात कागदावर आले. आज आपल्याकडे झाडाचे नाव उरले आहे, ‘किरकिऱ्या मुलांसाठी’ एवढी ओळ उरली आहे. मात्रा मोजणारा हात उरलेला नाही. माझ्या मते नेनेचा आदर करायचा तर हे तुटलेपण मान्य करूनच करावा लागेल.

थोडे विषयाला लागून. मुलांना शांत करण्याची सगळी औषधे एका मापाने मोजू नयेत. मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देत, कारण पाळी संपेपर्यंत मुलाजवळ कोणीच नसे. अमेरिकेत त्याच काळात मॉर्फीन असलेली ‘सूदिंग सिरप’ बाटल्यांतून विकली जात होती. तिथे मूल गप्प व्हावे ही कामाच्या तासांची आणि बाजाराची गरज होती, आणि त्यात मुले दगावली. नेने देणारी आजी मुलाच्या उशाशी बसून राहत असणार. उशाशी कोणीतरी असणे हा मला औषधाइतकाच महत्त्वाचा फरक वाटतो.

सातारकर आजी

डॉक्टर, वेखंडाचे तुम्ही सांगितलेत ते मला माहीत नव्हते. नातसुनेला गुटीचा डबा द्यायचा मी विचार करत होते, तो आता बाजूला ठेवते. आणि शेवटच्या प्रतिसादातले उशाशी बसण्याचे अगदी पटले. गुटी देऊन झाली की मी मुलाला पायांवर घेऊन बसत असे. कदाचित निम्मी गुटी तीच असेल.

पाऊसवेळ

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरे: घोरत नाही, कान ओढत नाही, खाजवत नाही. पाय मात्र सारखे झाडते, पांघरूण कधीच अंगावर राहत नाही. दूध दिवसाला जवळजवळ एक लिटर, कारण जेवण फार कमी आहे आणि निदान दूध तरी पोटात जावे असे आम्हाला वाटत होते.

बालरोग_पुणे

ताई, एवढ्या दुधाने भूक मरते, आणि गाईच्या दुधात लोह जवळजवळ नसतेच. लोह कमी असलेली मुले झोपेत पाय झाडतात, वारंवार उठतात, चिडचिडी होतात. तिथल्या डॉक्टरांना हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला सांगा, कारण हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिकामा असू शकतो. स्वतःहून लोहाचे औषध सुरू करू नका, त्याचीही मात्रा मोजावी लागते.

पाऊसवेळ

सात आठवड्यांनी लिहिते आहे. फेरिटिन फारच कमी निघाले. लोहाचे थेंब सुरू आहेत, दूध निम्म्यावर आणले आहे, आणि ती आता वरण-भात आणि इथला पोई, म्हणजे तारोच्या कंदाचा लगदा, दोन्ही खाते. गेल्या आठवड्यात सलग पाच तास झोपली.

तूतूंना मी सगळे सविस्तर सांगितले. अवा दिला नाही हे सांगताना मला संकोच वाटत होता, कारण त्यांनी मायेने सुचवले होते. त्या शांतपणे म्हणाल्या, “मी दे म्हटले नव्हते. असायचा, असे म्हटले होते. माझ्या आजीनेही आधी हात लावून पाहिले असते.” मग त्यांनी मुलीच्या पायांना खोबरेल तेल लावून हलकी लोमीलोमी, म्हणजे हवाईची मालिश, कशी करायची ते मला दाखवले, आणि आता ती आमची रोजची रात्रीची रीत झाली आहे.

हवाईच्या आरोग्य विभागाने २०२४ च्या जानेवारीत पाण्यात कोळलेला पारंपरिक अवा सुरक्षित पेय म्हणून मान्य केला, ही बातमी त्यांनीच मला दिली, आणि ती देताना त्यांचा आवाज भरून आला होता. सण असेल तेव्हा आम्ही दोघे मोठे त्यांच्याकडे एक आपू, म्हणजे करवंटी, घेऊ असे ठरले आहे. जाताना त्यांनी एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून आणलेली, दोन पेरांची नेनेची कांडी माझ्या हातात ठेवली. पानमळा, ती कशी लावू? इथे पाऊस अतोनात आहे.

पानमळा

ताई, कांडी आडवी ठेवा, पेर जेमतेम झाकेल इतकीच माती घाला. हिलोच्या पावसात पाणी साचले तर मूळ कुजेल, म्हणून तुमच्याकडे लाव्ह्याची बारीक खडी मिळते ती निम्मी मिसळा आणि कुंडी उंचावर, अर्ध्या सावलीत ठेवा. कोंब वीतभर होईपर्यंत खत घालू नका. मूळ तयार व्हायला तीन-चार वर्षे तरी लागतील. आणि पायपरमेथिस्टिनचे वर आलेच आहे, तेव्हा पाने मुलीच्या हाताला लागणार नाहीत अशी जागा निवडा. आमच्याकडची मुले मळ्यात पान खुडून थेट तोंडात घालतात, ती सवय इथे चालायची नाही.